मनगटातला भुंगा

“या घड्याळाची बेल कधी कुणी वाजवलीच नसेल, नाही का?” मी विचारलं.

“कुणासाठी वाजवणार?” वैजयंती म्हणाली. “बाबांना ऐकू येत नाही. जन्मापासूनच.”

तिचे वडील, सदानंद मयेकर, कापड बेतायच्या टेबलाच्या पलीकडे उभे होते. गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवलं, शर्टाच्या टोकानं काच पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ठेवण्याआधी त्यांनी दोनच्या आकड्याजवळचं बटण नखानं बाहेर ओढलं, परत आत ढकललं आणि घड्याळाची पाठ क्षणभर मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून धरली. मला वाटलं, चाळा असेल.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. रत्नागिरीत माझा दातांचा दवाखाना होता आणि दवाखान्याइतकाच जीव जुन्या जपानी घड्याळांत होता. चावीची किंवा मनगट हललं की आपोआप चावी भरणारी, सेलवर न चालणारी घड्याळं. कोकणात अशी घड्याळं सापडतात, कारण इथे घरटी कुणीतरी बोटीवर होतं. योकोहामाहून, कोबेहून आणलेलं घड्याळ माणूस गेल्यावर कपाटाच्या खणात पडून राहतं. दाढ काढून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मी कापूस कोंबायचो आणि त्यांना विचारायचो, “घरात जुनं घड्याळ आहे का हो?” एकतीस घड्याळं झाली होती. नंतर मी एका स्थानिक दैनिकात चार ओळींची जाहिरातही दिली.

ती वाचून वैजयंतीनं देवरूखहून पोस्टकार्ड टाकलं होतं. अक्षर शाळामास्तरणीचं, आणि ती होतीही तशीच. गावाबाहेरच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायची. ‘बाबांकडे सेको कंपनीचं बेलमॅटिक घड्याळ आहे. मामांनी जपानहून आणलेलं. मधूनमधून बंद पडतं. पैसे नकोत. त्याऐवजी बाबांना मोठ्या आकड्यांचं, न थांबणारं एखादं नवं घड्याळ मिळालं तर बरं.’

बेलमॅटिक म्हणजे गजराचं मनगटी घड्याळ. वेळ लावून ठेवली की आतली इवलीशी हातोडी घुर्र करून वाजते. एक माझ्याकडे होतं, उत्तम चालणारं, पण त्याची तबकडी डागाळलेली. मयेकरांच्या घड्याळाची तबकडी मात्र गडद निळी, एकही ओरखडा नसलेली, आणि वाराच्या खिडकीत जपानी अक्षर. म्हणजे ते तिथल्या लोकांसाठीच बनवलेलं. बाहेरच्या देशांत विकायला जाणाऱ्यांत ते अक्षर नसे. मी तशा तबकडीच्या शोधात सहा वर्षं होतो.

“लहानपणी मी त्या अक्षरांना चित्रं समजायची,” वैजयंती म्हणाली. “शनिवारचं निळं, रविवारचं लाल. लाल दिसलं की शाळा नाही.”

मी नवं घड्याळ टेबलावर ठेवलं. मोठे काळे आकडे, पांढरी तबकडी. मयेकरांनी ते हातावर बांधलं, माझ्याकडे बघून हसले आणि हाताने काहीतरी सांगितलं.

“बाबा म्हणतात, छान आहे,” वैजयंती म्हणाली.

त्यांनी त्याहून बरंच जास्त सांगितलं होतं, एवढं मलाही दिसलं. पण मला परतीची एसटी पकडायची होती. बहिऱ्या माणसाच्या घरात गजराचं घड्याळ पंचवीस वर्षं न वाजता पडून राहिलं, हा किस्सा मित्रांना कसा रंगवून सांगायचा, तेच वाटेत डोक्यात होतं. बेलचा भाग कोरा करकरीत असणार. आणि निळी तबकडी माझ्या घड्याळावर चढवली की झालंच.

त्या आठवड्यात एका दुपारी दवाखाना रिकामा होता. मी मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बघतच राहिलो.

वेळ दाखवणारा भाग जुना होता, तेल सुकलेलं, पण ठीक होता. बेलचा भाग मात्र पार संपला होता. तिची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाले होते. हातोडीचं टोक झिजून बोथट. जिथे ती आपटते तिथे धातूला खळगा पडलेला. बटणाचा दांडासुद्धा ओढून ओढून सैल झालेला. एखाद्या घड्याळाची बेल रोज एकदा वाजवली तरी पंचवीस वर्षांत इतकी झीज होत नाही. ही बेल कुणीतरी दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं वाजवली होती.

मला राग आला, हे खरं सांगायला हवं. पहिल्यांदा वाटलं, मुलीनं फसवलं. मग वाटलं, घड्याळ त्यांचं नसेलच, कुणाचं तरी उचललेलं असेल. जमवणाऱ्या माणसाला घड्याळाइतकीच त्याची हकीकत लागते, आणि इथे हकीकत खोटी निघत होती.

पुढच्या रविवारी मी पुन्हा देवरूखला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. दुकान आणि घर एकच; पुढे मशीन, मागे स्वयंपाकघर. मयेकर एका शाळेच्या गणवेशाला काज करत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. वैजयंती आतून हात पुसत आली.

“काय झालं डॉक्टर? चालत नाही का?”

“चालतं,” मी म्हणालो. “पण तुम्ही म्हणालात बेल कधी वाजवली नाही. ती इतकी वाजलीय की झिजून गेलीय. या घरात ती कोण वाजवत होतं?”

तिच्या कपाळावर आठी आली. “कुणीच नाही. घरात आम्ही दोघंच. मी तर कधीच ऐकली नाही. म्हणजे मला आठवतच नाही.”

“मग विचारा त्यांना.”

तिने मनगटावर बोट ठेवून दोन खुणा केल्या. मयेकरांनी सुई गणवेशात टोचून ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मान हलवली, जाऊ दे अशा अर्थी. तिने पुन्हा विचारलं. मग त्यांनी मशीनवरचा हात काढला आणि सांगायला सुरुवात केली.

त्यांची भाषा कुठे शिकलेली नव्हती. बापलेकीनं घरात घडवलेली होती ती. हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. वैजयंती एकेक वाक्य मला देत होती, शाळेत धडा वाचतात तशा सपाट आवाजात.

“बाबा म्हणतात, मधूमामा बोटीवरून सुट्टीवर आला होता. आई गेली, त्याच्यानंतरच्या महिन्यात. आई काविळीनं गेली तेव्हा मी चार महिन्यांची होते, ते मला माहीत आहे.” ती वडिलांकडे बघत राहिली. “आईचे वडील आले होते. न्यायला.”

“कुणाला?” मी विचारलं.

मयेकरांनी करंगळी गालावर टेकवली. तिच्या गालाला तिथे खळी होती.

“ही माझी खूण आहे,” ती म्हणाली. “मला. मला न्यायला आले होते. ते म्हणाले, बहिऱ्याच्या घरात मूल कसं जगेल. पोर रात्रभर रडते आणि बाप शेजारी झोपलेला असतो. शेजारचे लोक दार वाजवतात, तरी…”

ती थांबली. मयेकर थांबले नव्हते. त्यांनी स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“काय म्हणाले?”

“सकाळी उठले की…” तिने वाक्य पुन्हा सुरू केलं. “सकाळी उठले की तिच्या गालावर मीठ असायचं. सुकलेलं. त्यावरून कळायचं, रडली होती. डोळे सुजलेले. तोंड उघडायची, पण त्यात जोर नसायचा. म्हणजे माझा… माझा आवाज बसलेला असायचा.”

तिचा धड्याचा आवाज आता राहिला नव्हता.

मयेकर मात्र शांतपणे सांगत होते, काज कसं करतात ते समजावून सांगावं तसे. आधी त्यांनी बाळाच्या पायाला दोरा बांधून स्वतःच्या बोटाला बांधून पाहिला. बाळ झोपेतही पाय हलवायचं, दोरा पायाला काचला. मग ते बसून राहायला लागले, पण दिवसभर मशीन चालवून माणूस किती रात्री बसणार. सासरे आले तेव्हा त्यांच्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. बाळाची दुपटी बांधूनही झाली होती.

“तेव्हा मधूमामानं हातातलं घड्याळ काढलं,” वैजयंती म्हणाली. “बाबांच्या हातावर बांधलं आणि काहीतरी फिरवलं. बाबांना कळेना काय करतोय. मग एकदम…”

मयेकरांनी मनगट धरून दचकल्याचं सोंग केलं आणि हसले.

“त्यांना वाटलं, मनगटात भुंगा शिरला,” ती म्हणाली. तिलाही हसू आलं आणि लगेच गेलं.

त्या घड्याळाची बेल नुसती वाजत नाही. हातोडी पाठीवर आपटते आणि सगळं घड्याळ थरथरतं. हे मला माहीत होतं. माझ्याकडच्या घड्याळाची ती थरथर मी पाहुण्यांना गंमत म्हणून दाखवायचो. आणि तरी ते मला सुचलं नव्हतं.

मयेकरांनी सासऱ्यांकडे एक महिना मागून घेतला. झोपताना दोन तासांनंतरची वेळ लावायची, घड्याळाचा हात गालाखाली घेऊन झोपायचं. भुंगा हलला की उठायचं, दिवा लावायचा, तिचं तोंड बघायचं. ओली असेल तर दुपटं बदलायचं, भुकेली असेल तर दूध. झोपलेली असेल तर नाकाशी बोट धरायचं. मग बेलची चावी द्यायची, पुन्हा दोन तास पुढची वेळ. महिन्यानंतर सासरे आले, तिला मांडीवर घेऊन बसले, आणि एकटेच परत गेले.

“किती दिवस?” हे वैजयंतीनं विचारलं होतं, त्यांना. मला सांगायचं ती विसरली होती. हातांवरूनच मला समजलं.

त्यांनी टेबलाच्या खालच्या फळीशी हात धरला. मग जरा वर. मग टेबलाच्या कडेशी. एवढी झाल्यावर ती स्वतःच उठून त्यांचा कान ओढायला लागली, असं त्यांनी कान ओढून दाखवलं. त्यानंतरही ते बेल लावत राहिले; आवाज गालाखाली दबायचा, म्हणून झोपलेल्या मुलीला तो कधी कळला नाही. ताप आला की लावायचे. दहावीला पहाटे चारला उठवायला लावायचे. ती शिकायला चिपळूणला गेली, घरात उठवण्यासारखं कुणी उरलं नाही, तरी हाताला सवय म्हणून लावायचे. एक दिवस चावी दिली तर ती गरगर फिरतच राहिली.

“तुम्ही मला कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली. तोंडानंही म्हणाली आणि हातांनीही. “मला वाटायचं, रात्रीचं शेजारच्या काकू बघायच्या.”

मयेकरांनी खांदे उडवले आणि दोन छोट्या खुणा केल्या.

ती माझ्याकडे वळली, पण माझ्याकडे बघत नव्हती. “बाबा म्हणतात, मूल रडतं, बाप उठतो. यात सांगायचं काय.”

मी माझा प्रश्न विचारला. आजही तो विचारल्याबद्दल मला बरं वाटत नाही. “मग घड्याळ दिलंत कशाला?”

तिने तो त्यांना सांगितला. त्यांनी नव्या घड्याळावर हात ठेवला, मग करंगळी गालावर.

“वैजूनं आणवलं म्हणून,” ती म्हणाली. आणि लगेच, “डॉक्टर, तुम्ही चहा घेणार ना?”

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मग ती रडायला लागली. तोंडात पदर वगैरे न कोंबता, घरात ऐकणारं कुणी नाही अशा सवयीनं, मोकळं. मी बाहेर बसलोय हे ती विसरली असावी.

मला सगळं ऐकू येत होतं. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या तिच्या वडिलांना ते येत नव्हतं. त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली होती आणि धाग्याला मेण लावत होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, टेप काढून ते माझ्या मागे आले आणि माझ्या खांद्याचं माप घेऊ लागले. माझा शर्ट त्यांना पटला नव्हता; खांद्याची शिवण त्यांनी चिमटीत धरून दाखवली, ही अशी नको, अशी हवी. मी मान हलवली. काय करावं मला सुचेना. सांगावं तर कसं, आणि सांगावं का, तेही कळेना.

ते समोर आले, छातीचं माप घ्यायला, आणि त्यांची नजर माझ्या तोंडावर पडली. माझ्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे नीट पाहिलं, मग आतल्या दाराकडे. टेप माझ्या खांद्यावर तसाच लोंबत राहिला. ते आत गेले.

स्टोव्ह बंद झाला. मी टेप टेबलावर गुंडाळून ठेवला आणि चपला घातल्या. चहा न घेता निघालो. घड्याळ माझ्या खिशात होतं. ते टेबलावर ठेवून यावं असं मला त्या क्षणी वाटलं होतं, पण बंद पडलेला भुंगा ठेवून काय उपयोग.

बेलमॅटिकच्या बेलची स्प्रिंग आणि हातोडी तेव्हा कुठे मिळत नव्हती. मुंबईच्या दोन ओळखीच्या कारागिरांना मी फोन केले. एक म्हणाला, “दुसरं घड्याळ फोडलंत तरच मिळेल.” ते मला माहीत होतं. माझं घड्याळ कपाटात होतं. आठ वर्षं सांभाळलेलं, आतून आरशासारखं. मी दोन संध्याकाळी नुसतं त्याच्याकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि ते उघडलं. त्याची स्प्रिंग, हातोडी, बटणाचा दांडा, सगळं काढून मयेकरांच्या घड्याळात बसवलं. हात थरथरू नये म्हणून त्या दिवशी चहासुद्धा घेतला नव्हता. निळी तबकडी होती तिथेच राहिली.

पुढच्या शनिवारी दुपारी मी पोचलो तेव्हा वैजयंती नुकतीच शाळेतून आली होती. खांद्यावर पिशवी तशीच. मी घड्याळ टेबलावर ठेवलं.

“हे परत घ्या,” मी म्हणालो. “आता वाजतं.”

“पण आपली अदलाबदल झाली होती.”

“मला चुकीचं सांगून दिलं होतं तुम्ही. म्हणालात, बेल वाजवलेली नाही. तसला व्यवहार मी मानत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या गालाला खळी पडली. मयेकरांनी तोपर्यंत नवं घड्याळ उतरवून, पुसून, माझ्यासमोर ठेवलं होतं. ते राहू दे म्हणून मी खूप सांगितलं. त्यांनी ते माझ्या खिशात घातलं आणि वरून खिसा थोपटला.

मग त्यांनी बेलमॅटिक उचललं. चावी दिली, डोळे बारीक करून वेळ लावली, पाच मिनिटांपुढची. बटण ओढलं. मला वाटलं, आता हातावर बांधतील. त्यांनी मुलीचा हात पुढे घेतला आणि तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल होत होता, म्हणून वरून स्वतःची बोटं आवळून धरली.

आम्ही तिघं उभे होतो. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मयेकर घड्याळाकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

बेल वाजली. घुर्रर्र, एकसारखी. वैजयंती इतकी दचकली की पिशवी खांद्यावरून घसरली. तिने दुसरा हात घड्याळावर दाबला आणि बेल संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

दुकान शांत झाल्यावर मयेकरांनी एक खूण केली, कानाकडे बोट नेऊन.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“विचारतायत, याचा आवाज कसा आहे.”

तिने हात वर केले. बोटं फडफडवून भुंगा दाखवला, मग मशीनचं चाक फिरवून दाखवलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, हातानं जाणलेलं होतं. ते नको होतं त्यांना.

घसरलेली पिशवी तिने टेबलावर ठेवली. मग तिने त्यांचा उजवा हात धरला, तळवा स्वतःच्या गळ्यावर नीट टेकवला, ओठ मिटले आणि घशातून तसाच आवाज काढला. घुर्रर्र. जितका वेळ बेल वाजली होती तितका वेळ, श्वास पुरेपर्यंत.

मयेकरांनी डोळे मिटून घेतले होते. ते ऐकत होते, असंच म्हणावं लागेल.

ती थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. हात गळ्यावरून काढला नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट हवेत गोल फिरवलं. त्यांची ती एकच खूण मला कुणी न सांगता कळली.

परत.